सात नंबरचं कार्ड

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता सिस्टर विद्युल्लतानं ड्रेसिंगच्या खोलीतल्या टेबलाचा खालचा खण ओढला, आणि तिचा हात तसाच थांबला.

बँडेजच्या गुंडाळ्या जागेवर होत्या. टिंक्चरची बाटली होती, कात्री होती. नव्हतं ते फक्त बुटांचं एक जुनं खोकं. त्या खोक्यात अकरा कार्डं होती.

१९८२ सालचा मार्च महिना. निपाणीतल्या त्या लहानशा दवाखान्याला एकच ॲम्ब्युलन्स होती, आणि गेली चार वर्षं त्या गाडीबरोबर विद्युल्लताच जात होती. माणूस उचलून आणणं तिला कधी अवघड वाटलं नाही. अवघड होतं ते त्याला परत सोडणं. एकटी म्हातारी माणसं बरी होऊन त्याच थंड चुलीपाशी जायची आणि महिन्याभरानं गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहायची. शेवटी तिनं अशा प्रत्येकाचं एक कार्ड केलं. नाव, वय, कशानं आजारी, मागे कोण आहे, काय हवं. खाली अंगठा. खाली जागा उरली नाही, तर वरच्या कोपऱ्यात.

ही कार्डं पाहायला आज दुपारी बारा वाजता चिकोडीहून समाजकल्याणचे साहेब येणार होते. साहेबांच्या यादीत ज्याचं नाव चढेल, त्याला महिला मंडळाचा दुपारचा जेवणाचा डबा घरपोच मिळणार होता आणि आठवड्याला एकदा नर्स दारात येणार होती. पुढची यादी थेट दिवाळीनंतर. साहेब फिरतीवरचे. कार्डं नाहीत म्हटल्यावर ते चहा घेऊन पुढच्या गावाला गेले असते.

दिवाळीपर्यंत अकराच्या अकरा जण टिकतील, असं विद्युल्लताला वाटत नव्हतं. तिचे वडील कल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. ती बेळगावला नर्सिंग शिकत असताना ते दोन दिवस तापात घरी पडून होते, आणि शेजाऱ्यांना कळलं ते तिसऱ्या दिवशी. त्यांच्या नावाचं कार्ड कुणी केलं नव्हतं.

तिनं खण बंद केला. खोकं कुणीतरी नेलं होतं, आणि हाताशी तीन तास होते.

२

"मी नेलं असं वाटतंय का तुम्हाला?" हरिभाऊ कारकुनांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"असं म्हटलं नाही मी. शेवटचं कुणी पाहिलं, एवढंच विचारतेय."

"शेवटचं मीच पाहिलं. शनिवारी तुम्ही गाडीबरोबर गेलात, तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत बसून एकेक कार्ड तपासलं. आज साहेबांचा फॉर्म कानडीत भरायचा तो मलाच भरायचाय. पाच वाजता खोकं खणात ठेवलं आणि घरी गेलो." मग त्यांचा आवाज जरा चढला. "पण खरं सांगू का सिस्टर, मला हे पहिल्यापासून पटलेलं नाही. ॲम्ब्युलन्सनं रोगी आणावा. म्हातारपण सांभाळणं हे दवाखान्याचं काम आहे का? उद्या गावभरचे लोक आपापले आईबाप आणून आपल्या ओट्यावर बसवतील!"

"बसवू देत. ओटा मोठा आहे."

हरिभाऊंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. विद्युल्लताला त्यांचा राग नव्हता. हा माणूस तोंडानं फटकळ होता, पण कागद हरवला की त्याला जेवण जात नसे. चिडून कार्ड फेकून देणारा हा हात नव्हे.

"तपासताना खोलीत कोण होतं?"

"कोण असणार? नेहमीचे ड्रेसिंगवाले, बाकावर रांगेनं. त्यांना काय त्यातलं! मला मोठ्यानं वाचल्याशिवाय चूक सापडत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. हरिभाऊ साधं औषधांचं बिलही पोथी वाचल्यासारखं वाचत.

आयाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की रविवारी सकाळी कापूस घेताना खोकं खणात होतं. दुपारी खोली धुतली तेव्हा होतं की नाही, ते तिनं पाहिलं नाही. म्हणजे खोकं गेलं ते रविवारी. रविवारी विद्युल्लताची सुट्टी, हरिभाऊंचीही सुट्टी. दवाखान्यात डॉक्टर होते, आया होती आणि गाडीचा ड्रायव्हर धर्मराज होता.

आणि धर्मराजची चुलती, तानीबाई, त्या अकरांतली चौथी होती.

३

धर्मराज अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. विद्युल्लता येताना दिसली तशी त्यानं मान आणखी आत घातली.

"धर्मराज, तानीबाईंच्या कार्डावरून तू माझ्याशी भांडला होतास."

"भांडलो न्हाय आक्का. बोल्लो." त्यानं हात पुसले. "माझी चुलती हाय ती. म्या सरकारी गाडीवर, आनि तिचं नाव निराधारांत! लोक काय म्हनतील? त्वांडात शेन घालतील माझ्या."

"तू तिच्याकडं शेवटचा कधी गेला होतास?"

त्यानं फडकं बॉनेटवर टाकलं. मग म्हणाला, "संक्रांतीला गेलतो."

"आज मार्चची बावीस तारीख."

"बाईल न्हाय म्हनती हो आक्का. चुलतीचं आनि तिचं पटत न्हाय. काय करू म्या? गाडी चालवू का दोघींत उभा ऱ्हाऊ?" त्याचा चेहरा लाल झाला होता. "पर कार्ड चोरायला म्या काय चोर हाय व्हय? चुलतीला डबा मिळतोय तर मिळू दे की. मला लाज वाटती, ती माझी मला."

तेवढ्यात बाहेरून यशोदाबाईंचा आवाज आला. महिला मंडळाच्या अध्यक्षा यशोदाबाई बोलत येत आणि बोलतच जात.

"सिस्टर, खोकं हरवलं म्हणे! आता माझ्यावर नाव येणार. आठाच्या वर डबे जमणार नाहीत, असं मीच म्हटलं होतं ना परवा सगळ्यांसमोर? म्हटलं होतं. आजही म्हणते. पण मला तीन माणसं कमी करायची असती, तर मी साहेबांशी भांडले असते. खोकं पदराखाली घालून नेणाऱ्यांतली मी नव्हे!"

"ठाऊक आहे मला, यशोदाबाई."

"ठाऊक आहे तर असं का बघताय?"

विद्युल्लता त्यांच्याकडे पाहत नव्हतीच. धर्मराज स्ट्रेचर साफ करायला गाडीचं मागचं दार उघडत होता. तो एकदम मागे सरला.

"आक्का," तो म्हणाला, "हे म्या ठिवलेलं न्हाय. आईशप्पत न्हाय."

स्ट्रेचरच्या कडेला, घडी घातलेल्या चादरीवर, बुटांचं खोकं होतं. नीट मधोमध ठेवलेलं.

४

कार्डं दहा निघाली. विद्युल्लतानं तीनदा मोजली.

"गेलं कुठलं?" हरिभाऊंनी विचारलं.

"सात नंबरचं. सोनुबाई."

सोनुबाई विडीवाली. वय चौसष्ट. फेब्रुवारीच्या अखेरीला तिच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला. शेजारच्या जयाबाईनं धावत जाऊन वखारीतून फोन केला होता. दोन्ही हात भाजले, मान भाजली, कपाळ भाजलं. उजवा हात अजून बोटांच्या टोकांपर्यंत बांधलेला होता, डाव्या हाताचा अंगठा आणि मनगट बांधलेलं. विड्या वळता येत नव्हत्या, भाकरी थापता येत नव्हती. अकरांत डब्याची सर्वांत जास्त गरज कुणाला होती, तर तिला.

"तिच्या वाईटावर कोण असेल बाई?" यशोदाबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या.

धर्मराजला चुलतीचं कार्ड नको होतं, पण चार नंबरचं कार्ड खोक्यात होतं. यशोदाबाईंना तीन माणसं कमी हवी होती, गेलं होतं एकच. हरिभाऊंना सगळीच कार्डं नको होती आणि दहा परत आली होती. तिघांचीही कारणं खरी होती, पण चोरीशी एकाचंही कारण जुळत नव्हतं.

विद्युल्लतानं कार्डं जशी होती तशी टेबलावर पसरली. नंबरांचा क्रम मोडला होता. आठ कार्डं सुलट होती. दोन उलटी होती, अक्षरं खाली डोकं वर पाय.

"घाईत कोंबली असतील," हरिभाऊ म्हणाले.

"घाईत कोंबली असती तर कडा पुढेमागे झाल्या असत्या. ह्या बघा कशा जुळवल्यात." ती ती दोन उलटी कार्डं निरखत राहिली. एक तानीबाईचं, एक भावकू सुताराचं. ह्या दोनच कार्डांवर खाली जागा उरली नव्हती, म्हणून अंगठा वर घेतलेला.

तिनं दहाही कार्डं पुन्हा एकावर एक ठेवली, होती तशीच, आणि गठ्ठ्याची एक बाजू बोटानं फरफर उलगडली. अंगठा, अंगठा, अंगठा. दहाही ठसे खालच्या बाजूला, एकाखाली एक.

"हरिभाऊ, तुम्ही कार्डं लावली असती तर कशावरून लावली असती?"

"नंबरावरून. नाहीतर नावावरून."

"यशोदाबाईंनीही तसंच केलं असतं. धर्मराजला लायसन आहे, त्यालाही वाचता येतं. तुमच्यापैकी कुणाला सात नंबर हवा असता, तर खणात हात घालून उभ्याउभ्या काढून घेतला असता. अख्खं खोकं घरी न्यायची गरज नव्हती. ही कार्डं ज्यानं लावली त्याला अक्षर सुलट की उलट हे कळत नाही. त्यानं ठसे बघितले. एकेका कार्डावरचा अंगठा शोधला, सगळे एका बाजूला केले आणि ज्या कार्डावर अंगठाच नव्हता ते ठेवून घेतलं."

"अंगठा नसलेलं कार्ड कुठलं?"

"अकरांत एकच. दोन्ही अंगठे बांधलेले होते, म्हणून मी घेतला नव्हता."

धर्मराज म्हणाला, "म्हंजे म्हातारीनं सोताचंच कार्ड चोरलं? का?"

घड्याळात साडेदहा झाले होते.

५

सोनुबाईची खोली विडी कामगारांच्या गल्लीत, शेवटची. दार उघडं होतं. सोनुबाई उंबऱ्याच्या आत बसली होती आणि तिनं विद्युल्लताला पाहून पदर सावरला, बांधलेल्या हातानं जमेल तसा.

"आलासा? वाटलंच मला." ती म्हणाली. "खोकं घावलं न्हवं? काल पट्टीला आले तवा नेलं, आन आज सकाळच्याला, गाडीचं हाय म्हनून, गाडीत ठिवलं. दुसऱ्यांचा डबा कशाला मोडू?"

"आणि तुमचं कार्ड?"

सोनुबाईनं मानेनंच चुलीकडे दाखवलं. चूल थंड होती. राख मात्र ताजी होती.

विद्युल्लता खाली बसली. "शनिवारी तुम्ही बाकावर होता. हरिभाऊंनी कार्ड वाचलं ते ऐकलंत."

"व्हय."

"काय ऐकलंत?"

म्हातारीनं भिंतीकडे पाहिलं. मग तिच्या नजरेमागोमाग विद्युल्लताचीही नजर वर गेली. भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्यात ओवलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या टांगल्या होत्या, कोऱ्या, एकदाही हातात न भरलेल्या. त्यांच्या शेजारी काळ्या मण्यांचा एक सर होता. सर एका ठिकाणी सरळ कापलेला होता. दात किंवा जाळ असं कापत नाही. असं कात्री कापते.

विद्युल्लताला ती कात्री आठवली. तिचीच होती.

धुरानं भरलेली ही खोली. भाजलेले हात सुजायच्या आत मनगटातलं सगळं काढायचं, हे ती झोपेतही विसरली नसती. काजळीनं काळ्या पडलेल्या बांगड्या तिनं चिमट्यानं एकेक फोडल्या होत्या. गळ्यातला दोरा मानेत रुतायला लागला होता, तो कापून फडक्यात गुंडाळून शेजारणीच्या हातात दिला होता. चेहरा पाण्यानं धुतला होता. कपाळावर मलम लावून बजावलं होतं, इथं काही लावायचं नाही. दहा मिनिटांचं काम, आणि त्यात एकही चूक नव्हती.

दोन आठवड्यांनी कार्ड करायला बसली, तेव्हा समोर मोकळ्या मनगटांची, मोकळ्या कपाळाची बाई होती. "मालकांचं नाव?" तिनं विचारलं होतं. सोनुबाईनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घेत नसतात, हे विद्युल्लताला काय ठाऊक नव्हतं? पण मोकळं कपाळ दिसत होतं. तिनं त्या गप्प राहण्याचा अर्थ आपणच लावला आणि लिहिलं. विधवा. मागे कोणी नाही.

"आक्का," सोनुबाई म्हणाली, "तुमी जीव वाचीवला माजा. तुमास्नी बोल न्हाय लावत म्या. पर ते मेल्यालं कुनी सांगितलं तुमास्नी?"

६

अठरा वर्षांपूर्वी सोनुबाईचा नवरा तंबाखूच्या ट्रकवर हमाल म्हणून गोव्याकडे गेला. मडगावहून एक पत्र आलं, ते शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवलं. काम मिळतंय, पावसाळ्याआधी येतो. त्यानंतर काही नाही.

"दिराचं म्हननं, बारा वर्सं झाल्यावर क्रियाकर्म करू. म्या म्हनलं, करा, पर माज्या दारात न्हाय. तवापास्नं दीर येत न्हाय."

"सोनुबाई, ऐका." विद्युल्लतानं आवाज शक्य तितका सरळ ठेवला. "साहेबांच्या यादीत नवरा किंवा मुलगा असलेल्यांना घेत नाहीत. कागदावर तसंच राहू दे. कागद हा कागद असतो. डबा मिळेल, नर्स येईल. तुम्ही घरात बांगड्या भरा, कुंकू लावा, कोण बघतंय?"

"जयाबाई दोन घास भरवती. तिला सोताची पोरं चार. किती दीस भरवंल?" सोनुबाई स्वतःशीच हिशेब मांडल्यासारखी बोलली. "डबा मला पायजेच हाय. न्हाय म्हनत न्हाय म्या." मग तिनं मान वर केली. "पर उद्या ते आलं, आनि इचारलं, कुनी मारलं मला? तर काय सांगू? एका डब्यापायी म्याच मारलं म्हनू?"

विद्युल्लतानं पिशवीतून कोरं कार्ड काढलं.

"मग खरं लिहू. नाव लागेल."

सोनुबाईनं दाराबाहेर पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"आण्णाप्पा," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर घेतला.

बारा वाजता चिकोडीचे साहेब आले. वाईट माणूस नव्हता. कार्ड दोनदा वाचून त्यांनी ते बाजूला ठेवलं. "नवरा हयात लिहिलंय तुम्ही. नियमात बसत नाही, सिस्टर. सोडून दिलेली असं लिहिता येईल का?"

"सोडलेली नाही ती. तो आलेला नाही, एवढंच."

"असा रकाना नाही माझ्याकडे."

"ठाऊक आहे. म्हणून दहाच द्या."

साहेबांनी दहावर सही केली. मंडळाला शिधा मिळणार होता तो दहा जणांचा. तोवर यशोदाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "दहा जणांच्या भाकरीत अकरावीचं पोट भरतं, साहेब. त्याला रकाना कशाला लागतोय?" आणि विद्युल्लताकडे वळून म्हणाल्या, "आठ म्हटलं होतं मी! आता अकरा झाले. माझं कुणी ऐकतंय का ह्या गावात?"

नर्स मात्र मिळाली नाही. ते काम विद्युल्लतानं स्वतःकडे घेतलं. त्या गल्लीवरून गाडी रिकामी परत यायची, तेव्हा धर्मराज न सांगता ब्रेक लावायचा.

पट्टी सुटली त्या दिवशी जयाबाईनं सोनुबाईच्या डाव्या मनगटात सहा बांगड्या भरल्या. उजव्यावरची कातडी अजून कोवळी होती. विद्युल्लता ते होईपर्यंत दारात उभी राहिली, मग आत येऊन बसली. तिच्या हातात आणखी एक कोरं कार्ड होतं. गेले काही दिवस तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ती ज्या म्हाताऱ्यांना उचलते, तसे दुसऱ्या गावचे म्हातारे दुसरी कुणी सिस्टर उचलत असेल. मडगावला असेल, बेळगावला असेल, मिरजेला असेल. त्या सिस्टरच्या टेबलावरही मागे कोण आहे ते ठाऊक नसलेला एखादा माणूस असेल.

"हे कार्ड तुमचं नाही," ती म्हणाली. "त्यांचं आहे. चार-पाच दवाखान्यांना नकला पाठवते. सापडतील असं म्हणत नाही मी. पण कुणी त्यांना उचललं, तर कळवायचं कुठं, हे त्यात असेल."

सोनुबाई सरळ बसली, फोटो काढायला बसावं तशी.

"वय?"

"माज्यापरीस सा वर्सांनी थोरलं."

"सत्तर. उंची?"

"ह्या दारातनं वाकून येत्यात."

विद्युल्लतानं दाराच्या चौकटीकडे पाहून आकडा लिहिला. "काही खूण?"

"डाव्या भुवईत वण. वखारीत गठ्ठा पडलता."

"केस?"

"काळंभोर," सोनुबाई लगेच म्हणाली.

विद्युल्लताचं पेन कार्डावर टेकून राहिलं. सोनुबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या थांबलेल्या पेनकडे. बाहेर कुणाच्या तरी सुपातली तंबाखू पाखडण्याचा आवाज येत होता. बराच वेळ ती तो ऐकत बसली.

"पांढरं लिवा," ती अखेर म्हणाली. "पर दाट लिवा."

विद्युल्लतानं तसं लिहिलं.